जेम्स कार आणि गोल्डवॅक्सच्या अठ्ठावीस बाजू

तबकडीदास (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीतातल्या गायकांचा विषय निघाला की आपल्याकडचे श्रोते अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, सॅम कुक आणि फार तर अल ग्रीन एवढ्या नावांवर येऊन थांबतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण कॅसेटच्या दुकानांतून आणि रेडिओवरून आपल्यापर्यंत तेवढेच पोहोचले. हा धागा ज्याच्यासाठी काढला आहे त्या जेम्स कारचे नाव या यादीत सहसा येत नाही. माझ्या मते ते पहिल्या तिघांत यायला हवे. (लता, आशा, रफी म्हणतो त्याच जवळिकीने मी त्याचा उल्लेख एकेरीत करणार आहे, कृपया त्यात अनादर समजू नये.)

कारचा जन्म १३ जून १९४२ चा, मिसिसिपी राज्यातल्या कोहोमा गावचा. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. कुटुंब मेम्फिसला आले आणि मुलाचे गाणे चर्चमध्येच सुरू झाले. पुढे ‘हार्मनी एकोज’ या गॉस्पेल (म्हणजे चर्चमधली भक्तिगीते गाणाऱ्या) गटात तो गात असे आणि पोटासाठी टेबले बनवणाऱ्या कारखान्यात राबत असे. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे गाणे दुसऱ्याने म्हणून दाखवायचे आणि याने ते कानाने उचलायचे, अशी त्याची रीत होती. ज्यांनी अक्षरओळख नसलेल्या आजीच्या तोंडून शेकडो अभंग बिनचूक ऐकले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

या गटाचे काम पाहणारा रूझवेल्ट जेमिसन रक्तपेढीत नोकरीला होता आणि फावल्या वेळात गाणी रचत असे. १९६४ मध्ये क्विंटन क्लॉन्च आणि रुडॉल्फ रसेल या दोघांनी मेम्फिसमध्ये ‘गोल्डवॅक्स’ नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. क्लॉन्च हा कंट्री संगीतातला जुना गिटारवादक, तर रसेलचा व्यवसाय औषधविक्रीचा, म्हणून त्याला सगळे ‘डॉक’ म्हणत. क्लॉन्च पुढे अनेकदा सांगत असे त्याप्रमाणे, एका मध्यरात्री त्याचे दार वाजले आणि दारात टेपरेकॉर्डर घेऊन तीन अनोळखी माणसे उभी होती : जेमिसन, ओ. व्ही. राइट आणि जेम्स कार. आडवेळ न पाहता त्याने त्यांना आत घेतले आणि बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून टेप ऐकली. एवढ्या रात्री दोन असे गळे एकाच दारात येऊन उभे राहावेत, हे भाग्य मोठ्या कंपन्यांच्याही वाट्याला आले नाही. त्यांतला राइट मात्र कंपनीच्या हातून लगेच निसटला, कारण गॉस्पेल गायक म्हणून त्याचा आधीच दुसरीकडे करार झालेला होता. राहिला कार.

१९६६ मध्ये ‘यू हॅव गॉट माय माइंड मेस्ड अप’ हे त्याचे गाणे ‘बिलबोर्ड’ मासिकाच्या आर अँड बी (म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या) यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेले. त्याच वर्षी आलेल्या ‘पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन’ या गाण्याची कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे बुडत्याला निदान काडीचा तरी आधार मिळतो. इथे बुडणाऱ्याच्या डोक्यावर त्याची प्रेयसी आणखी पाणी ओतते आहे, आणि तो तिला तसे स्वच्छ सांगतो आहे. तक्रार आहे, पण आकांडतांडव नाही.

आणि मग ‘द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट’. डॅन पेन आणि चिप्स मोमन या गीतकारांनी हे गाणे १९६६ मध्ये नॅशव्हिल इथे, रेडिओ निवेदकांच्या एका संमेलनात, पत्त्यांचा डाव सुरू असताना मध्येच उठून साधारण अर्ध्या तासात लिहिले. बसायला त्यांनी क्लॉन्चची हॉटेलातली खोली मागितली आणि क्लॉन्चने ती एका अटीवर दिली : गाणे जमले तर ते कारला द्यायचे. मोमनच्या स्टुडिओतली यंत्रे नेमकी बिघडलेली होती, म्हणून ध्वनिमुद्रण मेम्फिसच्याच रॉयल स्टुडिओत झाले. १९६७ च्या सुरुवातीला ते आर अँड बी यादीत दहाव्या क्रमांकावर पोहोचले आणि सर्व प्रकारच्या गाण्यांच्या मुख्य यादीत सत्त्याहत्तराव्या क्रमांकावर अडकले. कारची सर्वसामान्य अमेरिकनांशी जी काही ओळख झाली, ती या सत्त्याहत्तराव्या क्रमांकाएवढीच.

गाण्यात चोरून भेटणारी दोन माणसे आहेत. सुरुवातीला गिटारचे थरथरते, सुटे सुटे स्वर येतात आणि लगेच कारचा भरदार, खालच्या अंगाचा आवाज सुरू होतो. हा गायक चर्चमध्ये तयार झालेला आहे, गळ्यात ताकद मुबलक आहे, त्यामुळे आता तो पुकार करील, मग आवाज फोडील, अशी आपण वाट पाहत राहतो. आणि तो ते करत नाही. रस्त्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस मोठ्याने बोलणार नाही, एवढे साधे भान त्याने अडीच मिनिटे सांभाळले आहे. लोक आपल्याला शोधून काढणार, ही ओळ तो लागोपाठ तीनदा म्हणतो. पहिल्यांदा ती बातमीसारखी येते, दुसऱ्यांदा भीतीसारखी, आणि तिसऱ्यांदा तिला देवाचे नाव जोडले जाते तेव्हा आवाज किंचित वर जातो, पण तेवढाच. ती जागा मी शंभरदा तरी ऐकली असेल आणि अजूनही तिथे हातातले काम थांबते.

या गाण्याची मूळ ४५ ची तबकडी (मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेली छोटी तबकडी) मला परदेशात शिकत असताना एका जुन्या सामानाच्या दुकानात, पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या लावलेल्या तबकड्यांमध्ये मिळाली. घरी आल्यावर लक्षात आले की ती आपल्या प्लेअरवर बसतच नाही, कारण अमेरिकन ४५ चे मधले भोक ज्यूकबॉक्सच्या सोयीसाठी चांगले दीड इंचाचे असते. तिकडे त्यासाठी प्लास्टिकची चकती मिळते. मी ती आणलेली नव्हती. मग लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कातरून चकती बनवली आणि गाणे लावले. आवाज हळूहळू वर-खाली हेलकावत होता आणि कारच्या गळ्यातले हे आंदोलन किती विलक्षण आहे, असे मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. पुठ्ठ्याचे भोक मध्यापासून जरा सरकले होते आणि तबकडी लंगडत फिरत होती, हा शोध पुढे लागला.

कारचे आणखी कोणी ऐकले असल्यास, विशेषतः कमी ऐकल्या जाणाऱ्या मागच्या बाजू, तर जरूर लिहावे.

मध्यलय

धागा उत्तम आहे, परंतु एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. ‘पहिल्या तिघांत’ हे मला पटत नाही. ‘यू हॅव गॉट माय माइंड मेस्ड अप’ डोळे मिटून ऐकले तर ते ओटिस रेडिंगचे आहे असेच वाटते. शब्द मध्येच तोडणे, शेवटाकडे एकच तुकडा घेऊन त्यावर हातोड्यासारखे घाव घालणे, पितळी वाद्यांनी प्रत्येक ओळीला दिलेला जबाब, हे सगळे स्टॅक्सच्या, म्हणजे ओटिसच्या मेम्फिसमधल्या रेकॉर्ड कंपनीच्या, घराण्यातले आहे. दुसऱ्याच्या घराण्याची गायकी उत्तम गाणारा गायक मोठा असू शकतो, पण त्याला घराण्याच्या मूळ पुरुषाशेजारी बसवायचे का, हा प्रश्न उरतोच.

तबकडीदास

मध्यलय, त्या एका गाण्यापुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. ते गाणे ओ. बी. मॅक्लिंटनने रचलेले आहे आणि त्या काळात मेम्फिसमध्ये ओटिसच्या सावलीत न गाणारा गायक शोधावा लागला असता. परंतु ओटिस गाणे पुढे ढकलतो. त्याच्या गाण्यात सतत हालचाल आहे, संथ गाण्यातही तो पाय आपटत असल्याचा भास होतो. कार ठाय लयीत शांत उभा राहतो आणि स्वर लांबवतो. एक चांगले उदाहरण देतो. ‘टू लव्ह समबडी’ हे बी जीज या गटाचे गाणे मुळात ओटिसला डोळ्यासमोर ठेवून केले होते, असे त्या गटातल्या बॅरी गिबने सांगितले आहे. १० डिसेंबर १९६७ रोजी ओटिस विमान अपघातात गेला आणि ते गाणे त्याच्याकडून व्हायचे राहून गेले. १९६९ मध्ये कारने ते गायले. ओटिसने ते कसे गायले असते याची कल्पना आपण करू शकतो, आणि कारचे ऐकले की कळते, हा त्या वाटेने गेलेलाच नाही.

सोनचाफा

‘द डार्क एंड’ची मला आधी ओळख झाली ती १९९१ च्या ‘द कमिटमेंट्स’ या चित्रपटामुळे, त्यामुळे मूळ गाणे ऐकले तेव्हा ते फारच सपक वाटले, हे प्रामाणिकपणे कबूल करते. ते अंगात भिनायला दोन-तीन वर्षे गेली.

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून जाणवली. चोरून भेटणे हा आपल्या गाण्यांनाही नवा विषय नाही. गौळणींमध्ये राधा सासूची नजर चुकवून निघते, लावणीत रात्रीची बोलावणी असतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात खट्याळपणाचा आनंद मिळतो. पापाचा हिशेब तिथे कोणी मांडत नाही. कारच्या गाण्यातल्या माणसाला पक्के ठाऊक आहे की हे प्रेम चोरीचे आहे आणि त्याची किंमत मोजावी लागणार आहे. ही जाणीव चर्चमधून आलेली आहे. म्हणून मला हे प्रेमगीतापेक्षा कबुलीजबाबासारखे अधिक वाटते.

तुलनेसाठी क्लॅरेन्स कार्टरचे १९६९ चे रूप अवश्य ऐकावे. तो सुरुवातीला एखाद्या फडावरच्या सोंगाड्यासारखा प्राणिमात्रांच्या प्रणयावर मिश्किल प्रवचन देतो, ऐकणारा हसत असतो, आणि अगदी शेवटी मूळ गाण्याच्या चार ओळी येतात. अरेथाने १९७० मध्ये ते गायले तेव्हा तिने चोरीची भीती बाजूला सारून पुकारच केला, आणि तिला तो शोभतोही. गाणे रचणाऱ्या डॅन पेनला मात्र कारच्या गाण्याशिवाय दुसरे रूप मोजायचेही नाही, असे त्याने बोलून दाखवले आहे.

उत्तररात्र

या गायकाची खरी गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही, म्हणून लिहितो. कारला तीव्र मनोविकार होता. त्याच्या मनःस्थितीत टोकाचे चढउतार होत. गोल्डवॅक्सच्या अखेरच्या दिवसांत तो स्टुडिओत माइकसमोर तासन्‌तास गप्प बसून राहत असे. १९७९ मध्ये जपानमध्ये त्याचा दौरा ठरला आणि टोकियोच्या मंचावर तो औषधांचा डोस जास्त झाल्यामुळे जागच्या जागी थिजून उभा राहिला. ७ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या गाण्यातली आर्तता कुठून आली, हे या तपशिलांवरून उघड होते. ज्याचे मन असे फाटलेले असते त्यालाच असे गाता येते.

खर्जातला

उत्तररात्र, तपशील बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि हे जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे.

माझ्या घरात असा आजार जवळून पाहिला आहे. त्या आजाराने कोणाला गाता येत नाही; असलेले गाणे थांबते. तुम्ही दिलेल्या गोष्टींकडेच पाहा. आजार बळावला तेव्हा कार माइकसमोर गप्प बसला आणि मंचावर थिजला. ज्या ध्वनिमुद्रणांसाठी हा धागा काढला आहे ती बहुतेक १९६४ ते १९६८ या काळातली आहेत, आणि त्यांत मला फाटलेले मन कुठेही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो कमालीचा शिस्तीचा गायक, जो श्वास कुठे घ्यायचा हे जाणतो, ओळीच्या शेवटी स्वर सोडून देत नाही, आणि लिहिता-वाचता येत नसतानाही शब्दाचे वजन कुठे पडायला हवे ते ओळखतो. ‘द डार्क एंड’मधला जो संयम तबकडीदास यांनी दाखवून दिला, तो तोल गेलेल्या माणसाचा नव्हे.

दुःखी माणूसच दुःखाचे गाणे गाऊ शकतो, हा समज आपल्याकडेही फार आहे. गायकाच्या वहीत काय लिहिले होते, त्याचे लग्न का मोडले, तो किती प्यायचा, यावर आपण तास घालवतो आणि त्याने गंधार कसा लावला यावर दोन मिनिटेही बोलत नाही. कारच्या वाट्याला हे जरा जास्तच आले. त्याच्यावरचा जवळजवळ प्रत्येक लेख टोकियोपासून सुरू होतो.

तबकडीदास

खर्जातला यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि एक भर घालतो. कारची गाणी दुर्मीळ का झाली याचे कारणही त्याच्या आजारात शोधले जाते, ते अर्धेच खरे आहे. गोल्डवॅक्सचे वितरण बेल या कंपनीमार्फत होत असे आणि साठच्या दशकात कारच्या फक्त दोन एलपी (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) निघाल्या, १९६७ आणि १९६८ मध्ये. पुष्कळशा गाण्यांना ४५ च्या तबकडीशिवाय घरच नव्हते. दशक संपता संपता कंपनी बंद पडली, आणि बंद पडलेल्या छोट्या कंपनीच्या तबकड्या पुन्हा छापणार कोण? १९७१ मध्ये अटलांटिकने त्याची एकच ४५ काढली, ‘होल्ड ऑन’, आणि पुढे काही झाले नाही. १९७७ मध्ये जेमिसनने स्वतःच्या हिमतीवर आणखी एक काढली. रक्तपेढीतला हा माणूस मध्यरात्री टेपरेकॉर्डर घेऊन गेला तेव्हापासून, तेरा वर्षांनंतरही कारच्या पाठीशी उभा होता. त्याच्यावर स्वतंत्र धागा निघायला हवा.

घाईत आहे

चर्चा वाचून उत्सुकता वाटली. नेमकी सुरुवात कुठून करावी, हे कोणी सांगेल का?

तबकडीदास

कारने गोल्डवॅक्ससाठी एकंदर १४ तबकड्या केल्या, म्हणजे २८ बाजू, आणि २००१ मध्ये ब्रिटनमधल्या केंट या कंपनीने त्या सगळ्या एका सीडीवर एकत्र आणल्या. तेच संकलन क्रमाने ऐकावे. पहिल्या दोन-तीन तबकड्यांत गायक चाचपडतो आहे, त्या एकदा ऐकून सोडल्या तरी चालतील. ‘लव्ह अटॅक’पासून पुढे मात्र काही गाळू नये.

मागच्या बाजूंपैकी दोन मला विशेष प्रिय आहेत. ‘पोअरिंग वॉटर’च्या पाठीमागे ‘फर्गेटिंग यू’ आहे. विसरायचे म्हणून ठरवलेल्या माणसाची आठवण त्यात प्रत्येक ओळीत परत येते. दुसरे ‘दॅट्स द वे लव्ह टर्न्ड आउट फॉर मी’, जे ‘फ्रीडम ट्रेन’ या जोरकस गाण्याच्या मागे दडले होते. पुढची बाजू सामाजिक आशेची, सगळ्यांना गाडीत बसा म्हणणारी. तबकडी उलटली की एकटा माणूस आपले प्रेम असे संपले म्हणून सांगतो आहे. दुकानदाराला या जोडीत काय दिसले असेल कोण जाणे, पण मला ती ४५ फार आवडते.

‘लाइफ टर्न्ड हर दॅट वे’ हेही ऐकावे. ते मूळचे हार्लन हॉवर्डचे कंट्री गीत आहे. क्लॉन्चचे कान कंट्रीत तयार झालेले होते आणि कारने ते गाणे असे गायले आहे की गोऱ्यांचे संगीत आणि काळ्यांचे संगीत अशी दुकानातल्या फळ्यांवरची वाटणी निरर्थक वाटू लागते. मध्यलय यांनी हे ऐकून पुन्हा ओटिसची आठवण होते का, ते सांगावे.

मिसिसिपीकाठ

नोकरीनिमित्त मी काही वर्षे मेम्फिसला होतो, म्हणून थोडी भर. स्टॅक्सची मूळ इमारत पाडली गेली होती. त्याच जागी २००३ मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि तिथे पर्यटकांची रीघ असते. मोमनचा अमेरिकन स्टुडिओही पाडला गेला. ज्या रॉयल स्टुडिओत ‘द डार्क एंड’ झाले तो मात्र अजून चालू आहे. ते जुने चित्रपटगृह असल्यामुळे आतली जमीन अजूनही पडद्याच्या दिशेने उतरती आहे. आमच्या कचेरीतल्या मेम्फिसमध्येच जन्मलेल्या चार सहकाऱ्यांना मी जेम्स कारबद्दल विचारले होते. तिघांना नाव ठाऊक नव्हते, आणि चौथ्याने विचारले, ‘तो बेसबॉलवाला का?’

मध्यलय

‘लाइफ टर्न्ड हर दॅट वे’ काल रात्री ऐकले. ओटिसची आठवण झाली नाही, हे मान्य करतो. दुसऱ्या अंतऱ्यात जिने दुखावले तिचीच तो बाजू घेतो आहे असे वाटते, आणि तसे वाटावे यासाठी त्याने आवाज चढवला नाही, उलट मऊ केला आहे. ‘पहिल्या तिघांत’ यावर मात्र मी अजून ठाम आहे. चौथा म्हणा, वाद मिटेल.

सोनचाफा

तबकडीदास, ‘द डार्क एंड’ची ती तबकडी अजून तुमच्याकडे आहे का, आणि असल्यास अजून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावरच फिरते का?

तबकडीदास

आहे. आता रीतसर प्लास्टिकची चकती आहे आणि आवाज सरळ येतो. पुठ्ठ्याचीही ठेवून दिली आहे. मागच्या गणपतीत धाकट्या भावाने चुकून तीच लावली तेव्हा तीनदा येणारी ती ओळ तिसऱ्यांदा पाव स्वर खाली उतरली, आणि कारचा आवाज तिथे वर जातो की खाली, यावरून आमचा अर्धा तास वाद झाला.